शंभर डोळ्यांची परीक्षा

तेवीस वर्षं मी एकाच रोपवाटिकेत शिकाऊ होते. एवढ्या काळात पोटचं मूल जन्मून, शिकून, लग्न करून स्वतःच्या लेकराला शाळेत घालतं. माझ्या मुलीने ते सगळं केलं. मी मात्र हजेरीपटावर 'शिकाऊ, कलम उपविभाग' अशीच राहिले.

काम असं. जंगली गुलाबाचा खुंट घ्यायचा, म्हणजे मुळांसकटचं काटेरी, दणकट रोप. त्याच्या सालीवर धारदार चाकूने इंग्रजी टी अक्षरासारखा काप द्यायचा. चांगल्या गुलाबाच्या काडीवर पानाच्या बेचक्यात जो फुगीर ठिपका असतो, तो डोळा. तो नखाएवढ्या सालीसकट उचलायचा, त्या कापात अलगद सरकवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा तेवढा उघडा ठेवायचा आणि त्याच्याजवळचा पानाचा देठही राखायचा. याला डोळा भरणं म्हणतात. एकवीस दिवसांनी त्या देठाला बोट लावायचं. टपकन गळला तर डोळा जिवंत. वाळून चिकटून बसला तर मेला. तोवर डोळा फुगत नाही, फुटत नाही, नुसता जिवंत असतो. मग खुंटाचा शेंडा छाटायचा, की सगळा रस डोळ्याला मिळतो आणि तो फुटतो. मधल्या काळात खुंट स्वतःचे जंगली फुटवे काढत राहतो, ते रोज खुडायचे, नाहीतर डोळ्याच्या वाटचं खाऊन तेच माजतात. एवढंच शास्त्र आहे. हे ज्याला माहीत नाही तोही आमच्या खात्यात साहेब होऊ शकतो, आणि झाला होता.

आमचे साहेब डॉक्टर होते, यीस्टचे. यीस्टच्या पेशीला एक फुगवटा येतो, तो वाढतो, सुटा होतो आणि आपला आपण संसार थाटतो. याला मुकुलन म्हणतात. साहेबांनी त्यावर सहा वर्षं घालवली आणि चारशे पानं लिहिली. सरकारला कलम उपविभागासाठी 'मुकुलनाचा अभ्यास असलेला' माणूस हवा होता. यांचा अभ्यास तर चारशे पानी, म्हणून हे आले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातातली पट्टी बघून विचारलं, "हे बांधता कशाला?"

"डोळा सुटू नये म्हणून."

"यीस्टला कुणी बांधतं का? निसर्गात बांधाबांध नसते, मावशी."

मी म्हटलं, "निसर्गात साहेबही नसतात." हे मी मनात म्हटलं. मनातल्या मनात मी फार तोंडाळ आहे.

आमचं खातं मात्र खरोखर यीस्टसारखं वाढलं. उद्यान खात्याला एक फुगवटा आला, त्याची रोपवाटिका झाली. रोपवाटिकेला फुगवटा आला, त्याचा कलम उपविभाग झाला. कलम उपविभागाला मूल्यमापन कक्ष झाला आणि त्या कक्षाला एक समन्वय कक्ष झाला. शेवटी आमच्या इमारतीत एक्केचाळीस माणसं बसत होती आणि चाकू धरणारी दोन. त्यातले एक उस्ताद, ज्यांनी मला शिकवलं, ते नजर गेल्यामुळे घरी बसले. उरले मी.

उस्तादांची 'कुशल कलमकार' ही जागा रिकामी झाली, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मला कशाची तरी हाव सुटली. कारण वयाचं होतं. शिकाऊ माणसाला पंचावन्नाव्या वर्षी घरी पाठवतात. कुशल माणूस साठपर्यंत राहतो. मी साडेचौपन्नची होते. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या आणि जेमतेम उभं राहता येईल एवढी गॅलरी. आमचे हे घड्याळं दुरुस्त करतात. त्यांना एक टेबल आणि भिंग पुरतं, ते मरेपर्यंत काम करतील. मला शेकडो खुंट लागतात, जमीन लागते, सावली लागते. ती जागा नाही मिळाली तर माझ्या हातांना उरलेल्या आयुष्यात भांडी घासण्यापलीकडे काही काम राहणार नव्हतं. मला ते नको होतं. अगदी स्पष्ट सांगायचं तर त्याची मला भीती वाटत होती.

"परीक्षा घ्यावी लागेल," नियमकाका म्हणाले. नियमकाका आमचे हेडक्लार्क. त्यांना अख्खं नियमपुस्तक पाठ, पण विचारल्याशिवाय सांगायचे नाहीत. "शंभर डोळे भरायचे, ऐंशी जगले की पास."

"तेवीस वर्षांत का नाही घेतली मग?"

"तुम्ही अर्ज कुठे केलात?"

मी अर्ज केला. दुसऱ्या दिवशी कळलं, अर्ज दोन आले आहेत.

दुसरा अर्ज होतकरूचा. तो साहेबांच्या मेहुण्याचा मुलगा. त्याला सगळं खानदान होतकरू म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. एकोणिसाव्या वर्षी तो होतकरू खेळाडू होता, बाविसाव्या वर्षी होतकरू गायक, सव्विसाव्या वर्षी होतकरू उद्योजक. आता एकतिसाव्या वर्षी तो नवोदित कवी होता. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात; याचे पाय अजून पाळण्यातच होते. होतकरू हा फार सोयीचा शब्द आहे. एकदा तो चिकटला की माणसाला काही व्हावं लागत नाही, होण्याच्या बेतात राहिलं तरी चालतं. खात्याच्या त्रैमासिकात त्याच्या कविता यायच्या. सगळ्या कळ्यांवर असत. 'कळ्यांनो, आता तरी उमला, जीव माझा किती दमला' अशी त्याची एक कविता साहेबांनी चौकट करून दारात लावली होती. ज्याला कळीबद्दल इतकं वाटतं, त्याला कलम उपविभागात नाही तर कुठे घ्यायचं?

परीक्षेला नियमाप्रमाणे बाहेरचा तज्ज्ञ हवा होता. साहेबांनी आपले एक मित्र बोलावले. ते हायड्राचे तज्ज्ञ निघाले. हायड्रा म्हणजे पाण्यातला एक बारीक जीव. त्याच्या कुशीवर पिल्लू उगवतं, मोठं होतं आणि सुटून जातं. पाहुण्यांनी चहा पिता पिता आम्हाला त्याचं चित्र काढून दाखवलं. मग दोघा डॉक्टरांनी मिळून परीक्षेचा नियम लिहिला: 'एकवीस दिवसांनंतर स्केलने वाढ मोजावी. नैसर्गिक मुकुलनात व्यत्यय नको म्हणून या काळात कोणतीही छाटणी वा खुडणी करू नये.'

मी नियमकाकांना म्हटलं, "अहो, हे उलटं आहे. खुडलं नाही तर खुंटच वाढेल. मोजणार काय हे?"

"लेखी हरकत घ्यायला तीन दिवसांची मुदत होती."

"कधी संपली?"

"नियम आज लागला. मुदत परवा संपली."

परीक्षेला मी सकाळी बसले ती दुपारपर्यंत शंभर डोळे भरून उठले. होतकरू शेजारच्या ओळीत होता. त्याने चाकू उलटा धरलेला पाहून मी तो नीट धरून दाखवला. ते तेवढंच. त्याचे निम्मे डोळे उलटे बसले होते, उरलेल्यांना मागून लाकूड चिकटलेलं होतं. पट्ट्या त्याने राखीसारख्या फुलं काढून बांधल्या होत्या. त्यालाही ते जमत नव्हतं हे कळत होतं. तो दोनदा माझ्याकडे बघून कसनुसा हसला.

पुढचे एकवीस दिवस मी रोज त्या ओळींवरून जायचे आणि हात पाठीमागे बांधायचे. एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती. खुंटावरचे फुटवे मी डोळा भरायच्या आधीच मुळापासून काढते, उस्तादांची ती शिस्त. त्यामुळे माझे खुंट शांत होते. होतकरूच्या खुंटांचं बरोबर उलटं झालं. त्याचे डोळे आठवड्यात काळे पडले, आणि आपल्याला कुणी वाटेकरी नाही म्हटल्यावर खुंट चौफेर फुटले. हात-हातभर हिरवेगार, काटेरी, जंगली फोक. लांबून दृश्य बघण्यासारखं होतं.

एकविसाव्या दिवशी दोन्ही डॉक्टर स्केल घेऊन आले. होतकरूच्या पहिल्या रोपाला स्केल पुरली नाही, टेप मागवावी लागली.

"बेचाळीस सेंटिमीटर!" पाहुणे ओरडले. "अद्भुत!"

माझ्या रोपांवर स्केल लावून साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शून्य," ते म्हणाले. "शून्य. शून्य. मावशी, इथे तर काहीच नाही."

"साहेब, देठाला बोट लावा. गळेल."

त्यांनी लावलं. देठ टपकन गळला. "बघा," साहेब पाहुण्यांना म्हणाले, "नुसता हात लावला तरी गळून पडतंय."

मी आयुष्यात साहेबासमोर आवाज चढवला नव्हता, त्या दिवशी चढवला. म्हटलं, ही त्याची वाढ डोळ्याची नाहीच, खुंटाची आहे. पानं बघा, काटे बघा, फुटवा कुठून निघालाय ते बघा. हातच्या कांकणाला आरसा कशाला? माझ्या रोपांचे शेंडे छाटा आणि एक महिना थांबा. साहेब शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मावशी, अपयश पचवायला शिकलं पाहिजे. शास्त्रात असं नसतं, की माझं दिसत नाही पण आहे, आणि त्याचं दिसतं पण नाही."

आजूबाजूला एकोणचाळीस माणसं उभी होती. त्यातल्या दहा-बारा जणांना मी काय म्हणते ते समजत होतं. कुणी बोललं नाही. होतकरू शंभरपैकी शंभर, मी शंभरपैकी शून्य. नियमकाकांनी तो निकाल सुवाच्य अक्षरात लिहिला आणि लिहिताना एकदाही वर बघितलं नाही.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं आणि म्हणाले, "बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं. तुझा साहेब तेवढाही नाही."

मला हसू आलं नाही. मी रात्री जेवले नाही.

माझी शंभर 'मृत' रोपं खतात टाकायचा हुकूम झाला. टाकायचं काम शिकाऊ माणसाचं, म्हणजे माझंच. मी ती उचलून शेडच्या मागे नेली, शेंडे छाटले आणि रोज पाणी घातलं. होतकरूची रोपं कुंड्यांत लावून कार्यालयाच्या दारात मांडली गेली. वरती पाटी, 'विक्रमी मुकुलन'. दोन महिन्यांत त्या दारातून आत जायचं म्हणजे अंगावर ओरखडे घेऊन जायचं झालं. समन्वय कक्षातल्या बाईंची साडी दोनदा अडकली. फूल एकालाही आलं नाही. साहेब म्हणाले, आधी वाढ होते, मग फुलं.

आणि मग एका सकाळी होतकरू, म्हणजे आमचा नवा कुशल कलमकार, शेडच्या मागे आला. मी पाणी घालत होते.

"मावशी," तो म्हणाला, "तुमच्या मेलेल्या रोपांना फुलं आलीत."

"येतात कधीकधी."

त्याने एका फुलाखालचा जोड बोटाने चाचपला. मग म्हणाला, "माझे डोळे कुठे आहेत, दाखवाल?"

मी त्याला दारात नेलं, एका कुंडीशी बसवलं, काटेरी फांद्या बाजूला केल्या आणि पट्टी सोडून दाखवली. आत काळी, सुकलेली खपली होती. दुसरी सोडली. तिसरी सोडली. दहाव्या कुंडीला तो म्हणाला, "बास." त्याचे कान लाल झाले होते.

"मला शिकवा," तो म्हणाला.

"कविता कर जा," मी म्हटलं. "कानामागून आलास आणि तिखट झालास, आता वर शिकवू पण मीच?"

तो गेला नाही. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला, नुसता बसून माझे हात बघायचा. चौथ्या दिवशी चाकू नीट धरून आला. कुणी सांगितलं नव्हतं, मी परीक्षेत एकदा दाखवलं तेवढंच. माणसाच्या हातात काही आहे की नाही हे मला चाकू धरण्यावरूनच कळतं. याच्या हातात होतं. बारा वर्षं सगळ्यांनी त्याला होतकरू म्हटलं होतं आणि तो खरंच कशात होतकरू आहे हे बघायची तसदी कुणीच घेतली नव्हती. मला त्याचा राग यायचा आणि त्याचा काप सरळ आला की बरंही वाटायचं. दोन्ही एकाच वेळी. मी शिकवलं. दोन महिने शिकवलं. का शिकवलं ते मला विचारू नका, डोळा वाया गेलेला मला बघवत नाही एवढंच खरं.

मी पंचावन्नची झाले त्या दिवशी छोटा समारंभ झाला. साहेबांनी मला शाल दिली आणि एक प्रशस्तिपत्र दिलं. त्यावर छापलं होतं, 'होतकरू कारागीर पुरस्कार'. छापील नमुना एकच होता म्हणे. भाषणात ते म्हणाले की मावशींमध्ये खूप शक्यता आहेत. मी शाल घेतली, प्रशस्तिपत्र घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर जाऊन बसले.

पहिल्या आठवड्यात मी घर दोनदा झाडून काढलं. दुसऱ्या आठवड्यात ह्यांची पेटी आवरली, तर ह्यांना आठ दिवस एकही स्क्रू सापडेना. तिसऱ्या आठवड्यात नियमकाका घरी आले. बूट काढून आत आले, पाणी प्याले आणि एक कागद माझ्यासमोर ठेवला.

होतकरूचं लेखी निवेदन होतं. 'परीक्षेतील माझे शंभरही डोळे मेले होते. मोजलेली वाढ खुंटाची होती. मावशींचे डोळे जिवंत होते. माझी नेमणूक रद्द करून फेरपरीक्षा घ्यावी.' खाली सही. मी वाचलं, माझे डोळे भरून आले, आणि मग तारीख वाचली. तारीख अडीच महिन्यांपूर्वीची होती. कागदाला चार घड्या पडून त्या फाटायला आल्या होत्या. म्हणजे त्याने ते लिहिलं होतं मी कामावर असतानाच, आणि इतके दिवस खिशात घेऊन फिरला होता. रोज माझ्या शेजारी बसून डोळे भरत होता आणि खिशात हा कागद होता. तेव्हा दिला असता तर मी आज तिथे असते.

"तारीखही बदलली नाही मूर्खाने," मी म्हटलं.

"बदल म्हटलं मी," नियमकाका म्हणाले. "नको म्हणाला. खरी आहे ती राहू द्या म्हणाला. मग मी आवक रजिस्टरला नोंद केली. एकदा नोंद झाली की साहेबांना कागद दाबता येत नाही." मग त्यांनी खिशातून एक पाकीट काढलं. "परीक्षेला काय, फेरपरीक्षेला काय, बाहेरचा तज्ज्ञ लागतो. वनस्पतीवर वीस वर्षं काम केलेला आणि आता खात्याच्या सेवेत नसलेला. नियम मी मागच्या वेळीच सांगायला हवा होता. कुणी विचारलं नव्हतं."

मला त्यांना दोन शब्द सुनवायचे होते, पण त्यांनी आणलेल्या पाकिटात माझं नेमणूकपत्र होतं. शिकाऊ म्हणून घरी पाठवलेली बाई तीन आठवड्यांनी तज्ज्ञ म्हणून परत बोलावली जात होती.

फेरपरीक्षेचा नियम मी लिहिला. स्केल नाही, टेप नाही, रोज खुडणी. होतकरूने शंभर डोळे भरले. मी लांब बसून बघितलं. एकविसाव्या दिवशी सकाळी मोजणीला गेले, तेव्हा साहेबांनी मला फाटकाजवळच्या नळावर गाठलं.

"मावशी, तुमच्यावर अन्याय झाला, हे मला आता मान्य आहे," ते म्हणाले.

मी हात धूत राहिले.

"या मुलाने फार मनस्ताप दिला. खात्याची अब्रू गेली. घरातही..." त्यांनी इकडेतिकडे बघितलं. "देठ गळला की नाही, हे तसं बघणाऱ्यावर असतं. तुम्ही साठ लिहा, पासष्ट लिहा. तज्ज्ञाचा शब्द शेवटचा. तुम्हालाही समाधान."

"आणि जागा?"

"आमच्या साडूंचा मुलगा आहे. फार होतकरू आहे."

साहेबांच्या बायकोचं माहेर मोठं होतं. मी पदराला हात पुसले. खोटं कशाला बोलू, मनात आलं. अडीच महिने खिशात ठेवलेला तो कागद आठवला, तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी आठवली. साठ लिहिले असते तर माझं काही परत मिळणार नव्हतं, माझं वय कुणी कमी करणार नव्हतं. पण त्यालाही मिळालं नसतं. हे समाधान किती गोड असेल याची चव माझ्या जिभेवर आली, आणि ती मला आवडली. म्हातारी मेल्याचं दुःख नाही पण काळ सोकावतो, असं काहीतरी चांगलं बोलून मी तिथून निघाले असते तर गोष्ट सोपी झाली असती. मी नुसती ओळीत जाऊन बसले.

पहिल्या देठाला बोट लावलं. टपकन गळला. दुसरा गळला. तिसरा गळला. काप सरळ, साल स्वच्छ, पट्टी घट्ट आणि डोळा मोकळा. विसाव्या-पंचविसाव्या रोपापर्यंत मी साहेबांना विसरले. चाळिसाव्यानंतर मी रागही विसरले, कारण काम बघताना मला दुसरं काही बघता येत नाही. शंभर संपले तेव्हा एक्याण्णव जिवंत होते, नऊ मेले होते. माझ्या पहिल्या वर्षी माझे सत्तर जगले होते.

मी तक्त्यावर एक्याण्णव लिहिले. अक्षरी पण लिहिले, म्हणजे कुणाला खाडाखोड करता येऊ नये. साहेब तक्ता घेऊन पाय आपटत गेले. बाकीची माणसं चहाला गेली. नियमकाकांनी माझ्याकडे बघून नमस्कार केला, मग तेही गेले. मी चप्पल घातली आणि फाटकाकडे निघाले. बस चुकली तर पुढची तासाने होती.

"मावशी!"

मागे बघितलं. होतकरू अजून ओळीतच उकिडवा बसला होता. पास झाल्याचं त्याला कुणी सांगितलं होतं की नाही कोण जाणे, त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. त्याने ती नऊ रोपं वेगळी काढून समोर मांडली होती आणि एकाची पट्टी सोडून आत बघत होता.

"या नवांचं काय चुकलं?" त्याने विचारलं.

तेवीस वर्षांत त्या इमारतीत हा प्रश्न मी आणि उस्ताद सोडून तिसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. जागा साडूच्या मुलाला गेली असती, हायड्रावाल्याच्या पुतण्याला गेली असती, तर मी गॅलरीत बसून मरेपर्यंत त्यांना शिव्या दिल्या असत्या आणि सुखात राहिले असते. आता तीही सोय उरली नाही. माझी जागा योग्य माणसाला गेली होती.

मी बस सोडली, चप्पल काढली आणि त्याच्याशेजारी बसले.